होडीच्या फासळ्यांसाठी प्रिंटर

आमच्या मांगरात, म्हणजे जिथे आम्ही होड्या बांधतो तिथे, करवत चालू असेपर्यंत कोणी बोलत नाही. करवत थांबली, की मागच्या वेळी ती का थांबली होती ते कोणीतरी काढतो. असे चाळीस वर्षांचे किस्से साठले आहेत. बरेचसे लाकडाचे, काही वादळाचे, उरलेले भिकूच्या सासुरवाडीचे. गेल्या दोन वर्षांत मात्र प्रिंटरचे जास्त झाले. मी चौथी शिकलेला माणूस. तू एक दिवस प्रिंटरच्या गोष्टी सांगशील असे कोणी म्हटले असते, तर मी त्याला मांगराबाहेर काढला असता. आता सांगतो आहे.

*

सुरुवात वाळवीने केली.

होडीची प्रत्येक फासळी वेगळ्या वळणाची असते. ते वळण लाकडावर उतरवायला पातळ फळीचे फर्मे लागतात. माझ्या बापाने केलेले सोळा फर्मे मांगराच्या माळ्यावर होते. एका पावसाळ्यानंतर खाली काढले, तर सातांचा भुगा माझ्या हातात आला.

मला त्याची फार भीती वाटली नाही. ते सात माझ्या हाताला पाठ होते. पण त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितले की काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. कडेची आधी जाते, मग मधली. औषध घालत राहा, जेवढी टिकेल तेवढी आपली.

मुलगा बोटीवर नोकरीला आहे. भिकू माझा चाळीस वर्षांचा जोडीदार. तो माझ्यापेक्षा सरळ कापतो, पण रेघ काढणे त्याला कधी जमले नाही. म्हणजे नजर गेली की होडीचे वळणही जाणार होते.

हे मी घरात कोणाला बोललो नाही. सुनेने ओळखले. सुषमा तिचे नाव. बारावी झालेली, पिंगुळीजवळची. दुसऱ्या दिवशी तिने उरलेले नऊ फर्मे अंगणात मांडले, बाजूला फूटपट्टी ठेवली आणि मोबाईलवर फोटो काढायला लागली. मी विचारले, हे काय. म्हणाली, हे नऊ कॉम्प्युटरवर उतरवते, गेलेले सात तुम्ही कागदावर काढून द्या.

मी म्हटले, "फोटोवरून होडी होता काय?"

ती म्हणाली, "फोटोवरून नाय, आबा. छापून."

*

कॉम्प्युटर आमच्याकडे होता तो पुतण्याने दिलेला. प्रकाश दोडामार्गला राहतो आणि रोज गोव्यात कंपनीत जातो. कंपनीने मोडीत काढलेला लॅपटॉप त्याने आणून दिला. त्यावर विंडोज उघडायला एक चहा होऊन जायचा. म्हणून त्याने ते काढून लिनक्स घातले. हलके आहे, फुकट आहे, रेघा काढायचा प्रोग्रॅमही त्यात फुकट मिळतो. जाताना एवढेच सांगून गेला, "काका, प्रिंटर घेताना माका इचारल्याशिवाय घेव नकात. सगळे प्रिंटर लिनक्सचा ऐकत नाय."

भिकू मला मेस्ता म्हणतो, म्हणजे मिस्त्री. तो म्हणाला, "मगे तो आमच्या मेस्ताचोच कॉम्प्युटर. हेचाय कोण ऐकत नाय."

*

प्रिंटर लगेच घ्यायचा विचार नव्हता. पहिली फासळी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणली. एका फासळीला नऊ कागद लागले. सुषमाने ते चिकटवले, कापले, भिकूच्या हातात दिले. भिकूने फणसाचा एक नैसर्गिक बाक असलेला तुकडा दोन महिने शोधून आणला होता. त्यावर कागद ठेवला आणि कापला.

होडीत बसवायला गेलो, तर फासळी तीन बोटे आखूड.

भिकूने लाकडाकडे बघितले, मग माझ्याकडे. म्हणाला, "कागद सुकलो काय?"

सुषमा तशीच बाजारात गेली. तिथल्या बाईंनी छापताना नेहमीप्रमाणे 'पानात बसवा' अशी खूण केली होती. त्या खुणेने प्रत्येक पान थोडे थोडे लहान झाले. एका पानावर दिसले नाही, नवांत मिळून तीन बोटे गेली. त्या बाई म्हणाल्या, आम्ही सगळ्यांचे असेच छापतो, आजवर कोणाची तक्रार नाही.

बरोबर आहे. लग्नाच्या बायोडेटात तीन बोटे कमी झाली, तर कोणाला कळत नाही. होडीत समुद्राला कळते.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सहा इंचांची एक रेघ असते. मी आधी ती रेघ मोजतो, मग पान हातात घेतो. आणि तेव्हाच ठरले की प्रिंटर आपल्या घरात पाहिजे. तो फणसाचा तुकडा अजून मांगरात आहे. भिकू त्यावर बसून चहा पितो.

*

पहिला प्रिंटर फुकट आला. भिकूच्या जावयाच्या घरी पडून होता, शाईचा. प्रकाशला फोन करून विचारले. तो म्हणाला, हा लिनक्सवर चालतो, बिनधास्त घ्या. चाललासुद्धा. सुंदर निळी रेघ आली. आम्ही दोन फासळ्या छापल्या आणि पावसाळा लागला.

पावसात आमचे काम बंद. गणपती झाल्यावर मशीन उघडले, तर शाई आत सुकून दगड झालेली. जावयाने सांगितले, आठवड्यातून एकदा तरी काहीतरी छापायला पाहिजे होते. मी म्हटले, काय छापू? म्हणाला, काहीही. मी आयुष्यात 'काहीही' केलेले नाही.

नवी शाई घातली. ती त्या मशिनापेक्षा महाग होती. फासळी छापली, कापली, ओल्या उंडीच्या फळीवर ठेवली. चीक आणि घाम लागून दहा मिनिटांत रेघ पसरली. फळीवर निळा ढग उरला.

भिकूने ती फळी उचलून लांब धरली. म्हणाला, "मेस्ता, चित्र बरा आसा. मुंबयवाल्यांका इकूया."

*

मग मी स्वतः कुडाळला गेलो. लाकूड घेताना मी ते ठोकतो, हुंगतो, ओले करतो. प्रिंटर हुंगून काही कळणार नव्हते. म्हणून एका बाटलीत समुद्राचे पाणी भरून घेतले. भिकू सोबत होता. एसटीत कसालच्या अलीकडे त्याला तहान लागली आणि त्याने न विचारता पिशवीतली बाटली काढली. पुढे कुडाळपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. चाळीस वर्षांत इतका शांत प्रवास झाला नव्हता.

दुकान मोठे होते. टाय लावलेला एक माणूस पुढे आला. मी सांगितले, घरी वापरायला प्रिंटर, स्वस्तातला, लिनक्सवर चालणारा. तो म्हणाला, "चालतं, काका. सगळं चालतं."

हे 'चालतं' मी लाकडाच्या वखारीत खूप ऐकले आहे. ओले लाकूड विकणारा नेहमी तेच म्हणतो.

मी म्हटले, चालवून दाखवा. मग तो म्हणाला, लिनक्सचं म्हणाल तर गॅरंटी नाही, त्यापेक्षा तुम्ही नवा कॉम्प्युटरच घ्या ना. मी म्हटले, "मी वल्हे घ्यायला आलोय. तुम्ही होडी बदल म्हणताय."

मग मशिनाची किंमत विचारायच्या आधी मी आतली संपल्यावर घालायच्या शाईची विचारली. इंजिन घेताना मी डिझेल किती पिते ते आधी विचारतो. त्याने शाईचा भाव सांगितला तेव्हा मशीन एवढे स्वस्त का ते कळले.

शेवटी त्याच्या टेबलावरचे नमुन्याचे पान घेतले, बाटलीतले पाणी ओतले आणि अंगठा फिरवला. पानावर एका नटीचा फोटो होता. नाक कानापर्यंत गेले.

तो म्हणाला, "काका, प्रिंटआउट कोणी भिजवतं का?"

भिकूला तेव्हा वाचा फुटली. म्हणाला, "आमच्याकडे सगळाच भिजता, साहेब."

*

परत आल्यावर प्रकाशला फोन लावला आणि मी नीट ऐकून घेतले. त्याने सांगितले ते असे. शाईचा नको, पावडरीचा घ्या, त्याला लेझर म्हणतात. महिने पडून राहिला तरी पावडर सुकत नाही. फक्त काळा छापणारा घ्या, तो स्वस्त पडतो. लिनक्स वापरणाऱ्या लोकांनी कुठले मशीन चालते याची यादी केलेली असते, त्यातलाच घ्या. काही मशिनांना कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो, तो पुढे मिळेल न मिळेल. ज्याला काहीच घालावे लागत नाही तो उत्तम. तीन नावे त्याने सुषमाला मोबाईलवर पाठवली.

भिकूचे म्हणणे, घेतोच आहोत तर रंगीत घेऊ. मी विचारले, फासळीला रंग कुठला. तो म्हणाला, मासळीक आसा.

या वेळी आम्ही लॅपटॉप सोबत नेला. आंब्याच्या पेटीत रंध्याचा भुसा घातला, त्यात लॅपटॉप बसवला आणि वर पेंढा. फळी होडीला लावूनच बघायची असते. दुकानात होडी नेता येत नाही, लॅपटॉप नेता येतो.

हे दुसरे दुकान गल्लीत होते, लहान. मालक स्वतः खाली बसून एक मशीन दुरुस्त करत होता. लिनक्स म्हटल्यावर तो 'चालतं' म्हणाला नाही. "बघावं लागेल," म्हणाला. मला माणूस पटला.

दुकानातला सगळ्यात स्वस्त लेझर आधी जोडला. तो यादीत नव्हता. पण स्वस्त होता, आणि मीही माणूस आहे. सुषमाने फासळी पाठवली. मशीन घरघरले आणि पाने बाहेर यायला लागली. एका पानावर एक ओळ, पुढच्यावर एक ओळ. अक्षरे, आकडे, टिंबे, कुठल्या मुलखातली कोण जाणे. थांबेना. मालकाने वायर उपटली तोपर्यंत खाली ढीग झाला होता.

भिकूने एक पान उचलून नीट बघितले. म्हणाला, "ह्या तहसीलदारान धाडल्यानी वाटता."

मग यादीतला दुसरा जोडला. सुषमाने काही घातले नाही, काही उतरवले नाही. लॅपटॉपने त्याचे नाव आपणहून लिहिले. पान आले. मी कोपऱ्यातली रेघ मोजली. छापताना ती 'पानात बसवा'ची खूण काढायला सुषमा विसरली नव्हती. सहा इंच, एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भागही, इकडे नाही की तिकडे नाही.

मी बाटली काढली. मालकाने ती हातातून घेतली, पान एका ताटात ठेवले, त्यावर सगळे पाणी ओतले आणि म्हणाला, आता चहा पिऊन या. आम्ही चहा पिऊन आलो. पान लगदा व्हायला आले होते. रेघ होती तिथेच होती.

मी भाव केला नाही. भिकू आजही ते लोकांना सांगतो, अंत्यविधीची बातमी सांगावी तसे.

*

प्रिंटर घरात आला, पण आमची हवा त्याला पटली नाही. कागद दमट व्हायचा, गुंडाळायचा, आत अडकायचा. आमच्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर कागद कोरडा राहील अशी एकच जागा आहे, पापडांचा डबा. घट्ट झाकणाचा, पत्र्याचा. सुषमाने पापड काढून कागद घातले.

माझी बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी पाहुणे आले, तिने पापड तळले, ते मऊ पडले. तिने ताट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "खावा. तुमच्यो फासळ्यो कुरकुरीत आसत मां?"

दुसरा डबा त्याच आठवड्यात आणला.

*

छापलेल्या रेघेवर माझा विश्वास नव्हता, हे कबूल करतो. सुषमा फासळी चिकटवून आणायची. मी ती मांगराच्या कोब्यावर पसरायचो आणि तळहात फिरवायचो. एकदा पाचव्या आणि सहाव्या पानाच्या जोडावर मी थांबलो. म्हटले, इथे चूक आहे. तिने डोळे जवळ नेऊन बघितले. म्हणाली, बरोबर आहे. मी म्हटले, चूक आहे. तिने ते दोन कागद सोडवले, उजेडाला धरले. अर्ध्या दोऱ्याने सरकले होते.

ती म्हणाली, "तुमका दिसला कसा?"

मला दिसले नव्हते. त्या दिवसापर्यंत मला कागदाची कडच दिसेनाशी झाली होती. मी तिला म्हटले, डोळा मिट आणि हात फिरव. तिने फिरवला. पुन्हा फिरवला. तिला काही लागले नाही. पुढच्या फासळीला मी काही बोलायच्या आधी तिने डोळे मिटले.

गेलेले सात फर्मे काढून द्यायला मला आठ महिने लागले. मी तपकिरी कागदावर कोळशाने काढायचो, ती उतरवून छापायची, मी हात फिरवायचो, चूक सांगायचो, ती परत छापायची. एकेक फासळी वीस वीस वेळा. पावडर संपली नाही. शेवटचा फर्मा झाला तेव्हा मला समोरच्या माणसाचे तोंड दिसायचे, बाजूचा माणूस दिसायचा नाही.

*

गेल्या दिवाळीनंतर वासू तांडेल आला. वासूच्या बापाची होडी माझ्या बापाने बांधली होती. त्याच्या हातात नारळ होता. आमच्याकडे होडी सांगायला येणारा नारळ घेऊन येतो आणि जो पहिली रेघ काढणार त्याच्या हातात तो देतो. त्यानंतर शब्द फिरत नाही.

पण वासूने नारळ दिला नाही. धरून बसला. त्याला होडी एकोणतीस फुटांची पाहिजे होती. माझे फर्मे सव्वीसचे. आणि माझ्या डोळ्यांचे त्याच्या कानावर गेले होते. तो सरळ माणूस आहे, सरळ बोलला. म्हणाला, संध्याकाळी फायबरवाल्याकडे जायचे आहे. तिथे होडी साच्यातून निघते, बघायला काही लागत नाही. पण बापाच्या होडीसारखी होडी होणार असेल तर मला मधली फासळी दाखवा, आता. ती बघितली की मी समजेन.

त्या वर्षी दुसरे काम नव्हते. वासू गेला असता तर मांगर बंद करायचा होता. हे भिकूला ठाऊक होते, सुषमालाही.

सुषमाने लॅपटॉप उघडला. सव्वीसची फासळी एकोणतीसला वाढवायची, छापायची. तिने वाढवली. छापायला गेली आणि लाईट गेली. आमच्याकडे गेली की कधी येईल ते विचारायचे नसते. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तोही दोन मिनिटांत मिटला.

वासू उठला. मी त्याला उद्या ये म्हटले. तो म्हणाला, उद्या भरतीच्या वेळी समुद्रात जायचे आहे.

सुषमाने खडू घेतला. कोब्यावर वाकली आणि रेघ काढली, कण्यापासून काठापर्यंत, एका दमात. तिच्या हातात कागद नव्हता.

मी खाली बसलो आणि तळहात फिरवला. मग पायाने ती रेघ पुसली. म्हटले, परत.

तिने परत काढली. मी हात फिरवला, पुसली. परत.

भिकू म्हणाला, "मेस्ता, पुरे." मी ऐकले नाही. ती तिसऱ्यांदा वाकली. रेघ जिथून सुरू होते तिथे माझा पाय होता. मी तो काढला नाही.

अठरा वर्षे ती या घरात आहे. माझ्यासमोर तिने कधी आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही. वर बघितलेही नाही.

"आबा," ती म्हणाली, "पाय बाजूक घेवा."

मी पाय बाजूला घेतला.

तिने रेघ पुरी केली आणि उभी राहिली. मी हात फिरवला नाही. वासू रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. नारळ अजून त्याच्याच हातात होता. तो तिच्यासमोर थांबला.

"वैनी," तो म्हणाला, "आधी हात पुसा."